झोपेची वाटणी

कोकणात वाटणी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घराची वाटणी होते, भाताच्या कुणग्यांची होते, आंब्या-फणसाच्या झाडांची होते. एका विहिरीवर चार घरे असली तर पाण्याच्या पाळ्या ठरतात. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे असलेली जमीन आणि तिच्यापायी वर्षानुवर्षे पडणाऱ्या कोर्टाच्या तारखा हा आपल्याकडचा रोजचा विषय. त्यात आपण मुसलमान या बाबतीत आणखी काटेकोर. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से निम्मा, चौथा, आठवा, सहावा असे अपूर्णांकांत सांगितले आहेत. मयताच्या मागे काय उरले आणि ते कोणाला किती, याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या धर्माची आपण माणसे.

अशा हिशेबी माणसांच्या घरात एका गोष्टीची वाटणी मात्र कोणी मागत नाही आणि कोणी करतही नाही. ती गोष्ट म्हणजे झोप.

एरवी झोप ही वाटण्याची वस्तू नव्हेच. ज्याला लागली तो झोपतो, त्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही. पण घरात लहान मूल आले की चित्र बदलते. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान, दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे त्याच्या शरीराला उमगायला पहिले दोन-तीन महिने जातात. पुढे ते रात्रीचे सलग झोपू लागते, पण मग पहाटे साडेपाचला ताजेतवाने उठून बसते, आणि उठले की घराला कळल्याशिवाय राहत नाही. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते हे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे अशा घरात झोप अपुरी असते, आणि अपुरी वस्तू दोघांत असली की एकाने जास्त घेतली तर दुसऱ्याला ती कमीच पडणार. मुलापाशी कोणीतरी उठलेच पाहिजे. कोणी, हा प्रश्न आहे.

फोंडाघाटातले एक घर डोळ्यांसमोर आणू. जुने कौलारू घर आहे. खोल्यांच्या भिंती कौलांना जाऊन भिडत नाहीत, त्यामुळे माजघरातला आवाज ओटीवर आणि ओटीवरचा माजघरात. देवगड-निपाणी रस्त्याने दाजीपूरकडे घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर रात्री ऐकू येते, पण तिची सवय होते. मुलाच्या रडण्याची होत नाही. समजा, नवऱ्याचे बाजारपेठेत दुकान आहे आणि बायको शाळेत शिकवते. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, तिला शाळा नाही आणि दुकानही उशिरा उघडते. त्या दिवशी फजरनंतर कोणाला तरी नऊपर्यंत झोपता येईल. होते काय, तर अब्बा झोपतात. अम्मी दोन्ही मुलांना घेऊन मागच्या पडवीत जाते, एकाला पेज भरवते, दुसरीला दटावते, “हळू बोल, अब्बा झोपलेत.” हे असे कोणी ठरवलेले नाही. नवरा दुष्ट नाही, बायको दुबळी नाही. दोघांनाही विचारले तर म्हणतील, आमच्यात काही तक्रार नाही.

तक्रार नाही म्हणून अन्याय नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तेच दृश्य उलटे करून पाहावे. बायको नऊपर्यंत झोपली आहे आणि नवरा मुलांना गप्प करीत पडवीत बसला आहे. शेजारीण विचारणार, “वहिनी उठली नाही अजून? बरे नाही काय तिला?” सासू काही बोलणार नाही, पण भांडी जरा जोरात वाजतील. आपल्याकडे उशिरा उठायला पुरुषाला थकवा पुरतो, बाईला ताप यावा लागतो. एकच गोष्ट एकाने केली तर विश्रांती आणि दुसरीने केली तर आळस, असे जिथे असते, तिथे नैतिक प्रश्न असतो, मग ती गोष्ट कितीही किरकोळ असो.

यावर पहिला आक्षेप दीनाच्या नावाने येतो. पहाटेच्या अजानमध्ये नमाज झोपेपेक्षा चांगली असल्याची हाक आहे. उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकत असावी अशी दुआ रसूलुल्लाह (स.) यांनी केल्याची हदीस आहे. ती सांगणारे सहाबी व्यापारी होते, आपला माल सकाळीच रवाना करीत आणि त्यातून सधन झाले, असेही तिथे नोंदले आहे. बाजारपेठेतल्या आपल्या दुकानदारांना ही हदीस ठाऊक असते. पण नमाज झोपेपेक्षा चांगली, याचा अर्थ घरच्यांचे घावणे बाईच्या झोपेपेक्षा चांगले असा होत नाही. फजर दोघांवरही फर्ज आहे. ती अदा झाल्यावर कोणी पुन्हा पाठ टेकावी हा दुनियेचा प्रश्न आहे, आणि तो इन्साफानेच सुटला पाहिजे. शिवाय सकाळ कोणाची? जिची रात्र तीन ठिकाणी मोडली आहे तिच्यासाठी साडेसहाला सकाळ झालेलीच नसते. तिची रात्र अजून बाकी असते.

या संदर्भात बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत असलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. रसूलुल्लाह (स.) मशिदीत आले तेव्हा दोन खांबांमध्ये एक दोर बांधलेला दिसला. हा काय, असे विचारता लोकांनी सांगितले की तो हजरत जैनब (रजि.) यांचा. रात्री नमाज पढताना थकल्या की त्या त्याला धरून उभ्या राहतात. आपण दोर सोडायला सांगितले. अंगात उमेद असेतो नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असा हुकूम दिला. इबादतीसाठीसुद्धा बाईने स्वतःला दोराला टांगून जागे ठेवावे हे आपल्या पैगंबरांना मंजूर झाले नाही. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रात्र रात्र जागत, तेव्हा त्यांनाही आपण समजावले होते, शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे. झोप हा डोळ्यांचा हक्क मानणारी ही शिकवण आहे. आपल्या घराघरांत मात्र तसाच एक दोर बांधलेला आहे आणि त्याला आपण आईची माया म्हणतो. आई त्याला धरून वर्षानुवर्षे उभी असते आणि आपण त्याचे कौतुक करतो. आईच्या त्यागावर भाषणे करणाऱ्यांपैकी दोर सोडणारे किती?

दुसरा आक्षेप निसर्गाचा. दूध आईलाच येते, मग उठणार कोण? हे अर्धे खरे आहे. अंगावर पाजायला आईच हवी. पण पाजून झाल्यावर ढेकर येईपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन फिरणे, ओले दुपटे बदलणे, पाळणा हलवणे, पहाटे उठलेल्या मुलीला बाहेर नेणे, यांपैकी कशालाही दूध लागत नाही. सूरह बकरामध्ये दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. त्याच ठिकाणी आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे, मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये असे म्हटले आहे, आणि दूध तोडायचे झाले तर ते दोघांच्या संमतीने व सल्लामसलतीने करावे असे सांगितले आहे. जी गोष्ट सर्वस्वी आईच्या शरीराची, तिथेही मशवरा आहे. मग पहाटे कोणी उठावे यावर मशवरा का नसावा?

तिसरा आक्षेप कमाईचा. तो दिवसभर राबतो, त्याला झोप हवी. बरोबर आहे, हवीच. पण दिवसभर तोच राबतो हे खरे नाही. देशभर घेतलेल्या वेळवापर सर्वेक्षणात 2019 साली घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 134 मिनिटे देत होत्या आणि देखभाल करणारे पुरुष 76. पुन्हा 2024 साली मोजले तेव्हा आकडे निघाले 137 आणि 75. बिनपगारी घरकामाचे 2024 चे आकडे बाईचे 289 मिनिटे आणि पुरुषाचे 88. पाच वर्षांत मोबाइल बदलले, रस्ते चौपदरी झाले, पण आपण होतो तिथेच आहोत. आमच्या कल्पनेतल्या घरात तर बायको कमावतेही. आणि कमावत नसती तरी तिच्या डोळ्यांचा हक्क कमाईवर ठरत नाही.

आता समजा नवऱ्याला हे पटले आणि तो म्हणाला, “ठीक आहे, रविवारी मी मदत करीन.” हा मदत शब्दच मला खटकतो. मदत दुसऱ्याच्या कामाला करतात. मदत करणारा वाटले तर करतो, नाही वाटले तर नाही, आणि केली तर शुक्रिया अपेक्षितो. पाळी तशी नसते. विहिरीवर आपली पाळी असते तेव्हा पाणी आपल्या हक्काचे असते. पुढच्याची पाळी आली की बाजूला होणे हा आपला मोठेपणा नसतो. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की रसूलुल्लाह (स.) घरात काय करीत. त्यांनी सांगितले, घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. या उत्तरात उपकाराचा सूर कुठेच नाही.

पाळी कशी असावी याचा धडा अबू दाऊदच्या संग्रहातल्या एका घटनेत आहे. एका मोहिमेवरून परतताना रात्रीच्या पहाऱ्यासाठी दोघे जण नेमले गेले, एक मुहाजिर आणि एक अन्सारी. दोघांनी रात्र वाटून घेतली. मुहाजिर आधी झोपले आणि अन्सारी नमाजला उभे राहिले. अंधारातून शत्रूचा बाण आला आणि लागला. त्यांनी तो उपसला आणि नमाज चालू ठेवली. असे तीन बाण लागले. मग रुकू-सजदा करून त्यांनी जोडीदाराला जागे केले. रक्त पाहून जोडीदार म्हणाला, सुब्हानल्लाह, पहिलाच बाण लागला तेव्हा मला का उठवले नाही? अन्सारी म्हणाले, मी एक सूरह पढत होतो, ती तोडावीशी वाटली नाही.

अन्सारी सहाबींची श्रद्धा थोर होती, त्याबद्दल वाद नाही. पण मला त्या जागे झालेल्या जोडीदाराचा प्रश्न तितकाच मोलाचा वाटतो. आपल्या घरांत बायका तिसऱ्या बाणापर्यंत वाट पाहतात. मूल तापाने फणफणले, रात्री चार वेळा उठले, तरी “त्यांना सकाळी दुकान आहे” म्हणून उठवत नाहीत. सकाळी नवरा उठतो, आणि मला का उठवले नाहीस, हे विचारत नाही. दोघांचेही चुकते. जागणाऱ्याने गरज पडताच उठवले पाहिजे, कारण मूल दोघांची अमानत आहे. आणि झोपणाऱ्याने उठवता येईल असेच झोपले पाहिजे, उठवल्यावर कपाळाला आठी न घालता. ज्या घरात हा प्रश्न मनापासून विचारला जातो तिथे पाळी आपोआप लागते.

पाळी घ्यायची ती पुरी घ्यावी, हेही सांगायला हवे. बायको आत झोपली आहे आणि नवरा दर पाच मिनिटांनी येऊन विचारतो, दुपटे कुठे, साखर कुठे, हा रडतोय का? ही पाळी नव्हे. पडल्या पडल्या भिंतीवरून सूचना देणारी आईही झोपलेली नसते. आणि पाळी घेणाऱ्याकडून कधी चूक झाली तर ती माफ करावी. एका प्रवासात फजरला उठवण्याची जबाबदारी हजरत बिलाल (रजि.) यांनी घेतली होती. त्यांनाही झोप लागली आणि सगळा काफिला ऊन तोंडावर आल्यावर जागा झाला. त्यांना शिक्षा झाली नाही. पुढे जाऊन सर्वांनी नमाज अदा केली.

कोणी म्हणेल, नवरा-बायकोत असा हिशेब आला की मोहब्बत जाते. आपल्या जमिनींचा अनुभव काय सांगतो? भाऊ-भावांत वैर येते ते बहुतेक वाटणी न झालेल्या जमिनीवरून. हिस्सा ठरला की माणूस उदार होऊ शकतो, कारण द्यायला त्याच्याजवळ स्वतःचे काही असते. आणि वाटणी म्हणजे घड्याळ लावून निम्मे-निम्मे असेही नाही. जिला रात्री पाजायला उठावे लागते तिला सकाळ मिळावी. ज्याला रात्री मालाच्या ट्रकबरोबर कोल्हापूरहून यावे लागले त्याला त्या दिवशी मिळावी. हिस्सा गरजेने ठरावा, पण दोघांनी बोलून ठरावा.

बोलून न ठरवता प्रश्न सोडवायचा एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे जागरण तिसऱ्यावर ढकलणे. अफलातूनने आपल्या आदर्श राज्याच्या ग्रंथात रक्षकवर्गाच्या स्त्रियांना रात्रीच्या जागरणातून मोकळे केले आहे. ते काम दायांनी आणि सेविकांनी करायचे. त्या दायांनी कधी झोपायचे, याचा विचार तिथे नाही. आपल्याकडे दाया नाहीत, दादी आहे. नवरा आखातात किंवा बोटीवर, वर्षा-दोन वर्षांनी घरी येणारा, अशी कितीतरी मुस्लिम घरे कोकणात आहेत. तिथे नवरा-बायकोची पाळी शक्यच नसते. मग सत्तरीची दादी नातवाला मांडीवर घेऊन पहाट काढते. तिला ते आवडते, हे खरे. पण आवडते म्हणून तिच्या गुडघ्यांचा आणि डोळ्यांचा हक्क संपत नाही. अशा घरात वाटणी तिघांत करावी लागते, आणि रजेवर आलेल्या बापाने महिनाभर पाहुण्यासारखे न झोपता आपली थकलेली पाळी भरून काढावी लागते.

हा प्रश्न घरापुरता आहे असेही नाही. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल रिवायत आहे की रात्रीच्या गस्तीत त्यांना एका मुलाचे रडणे पुन्हा पुन्हा ऐकू आले. चौकशी करता आईने सांगितले, मी याचे दूध लवकर तोडते आहे, कारण उमर दूध सुटलेल्या मुलालाच भत्ता देतात. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. खलिफा अस्वस्थ झाले आणि जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भत्ता देण्याचा हुकूम त्यांनी काढला. रडणाऱ्या मुलामागे राज्याचा कायदाही असू शकतो, हे त्यांनी ओळखले. आपल्या देशात 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली, ही चांगली गोष्ट झाली. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला मात्र 15 दिवस मिळतात, आणि दुकानदाराला, ड्रायव्हरला, रोजंदारीवाल्याला तेवढेही देणारे कोणी नाही. मूल सांभाळणे आईचेच, हे कायद्यानेही असे न बोलता सांगून टाकले आहे.

शेवटी मुलांबद्दल. मुले गोंगाट करतात यात त्यांचा गुन्हा नाही. झोपेत असलेला आणि अजाण मूल, दोघांच्याही बाबतीत हिशेबाची कलम उचललेली असते, असे हदीस सांगते. पण मुलांना शिकवायचे काहीच नाही असेही नव्हे. सूरह नूरमध्ये घरातल्या वयात न आलेल्या मुलांनीसुद्धा तीन वेळी परवानगी घेऊन आत यावे असे सांगितले आहे. फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावतो तेव्हा, आणि इशानंतर. कारण पडद्याचे आहे, पण तिन्ही वेळा विश्रांतीच्याच आहेत. आपल्या घरांना दारे कमी, कधी नुसता पडदा. तरीही चार वर्षांच्या मुलीला कळू शकते की आत कोणी झोपले आहे आणि त्याला तसे झोपू द्यायचे असते. दुसऱ्या माणसालाही शरीर आहे, तोही थकतो, हे मूल बहुधा इथेच पहिल्यांदा शिकते. पुढे रोजे येतात, जकात येते, शेजाऱ्याचे हक्क येतात. त्या सगळ्याची सुरुवात या हळू बोलण्यात आहे.

पण आजवर ती मुलगी एकच वाक्य ऐकत आली आहे, “हळू बोल, अब्बा झोपलेत.” त्यातून ती हळू बोलायला शिकते, आणि झोप कोणाची जपायची असते हेही शिकते. मोठी होऊन ती स्वतःच्या झोपेबद्दल काय समजेल, आणि तिचा धाकटा भाऊ आपल्या बायकोच्या झोपेबद्दल काय समजेल, ते त्या एका वाक्यावर ठरत असते. म्हणून येत्या रविवारी फजरनंतर बापाने दोघांना घेऊन पडवीत बसावे, पेज भरवावी, आणि ओठांवर बोट ठेवून सांगावे, “हळू बोला, अम्मी झोपलीय.”